कऱ्हा : नदी, ओढा की नाला?

स्थापत्य शाखेच्या मुलांनी ड्रॉइंगशीटवर एक शब्द शंभर वेळा तरी लिहिलेला असतो. रस्त्याचा उभा छेद काढा, मोरीचा आराखडा काढा, नाहीतर एखाद्या ले-आउटचा प्लॅन उघडा. एक नागमोडी रेघ आणि तिच्या शेजारी दोन अक्षरं, ‘नाला’. कुठला नाला, कुठून आला, पुढे कुणाला जाऊन मिळतो, हे शीटवर नसतं. वायवाला परीक्षक विचारत नाहीत, म्हणून आपणही विचारत नाही. सबमिशन झालं की नाला संपला!

हा लेख अशाच एका रेघेविषयी आहे. ती जरा मोठी रेघ आहे आणि तिला नावही आहे, पण वर्षातले सात-आठ महिने तिच्याकडे पाहिलं तर कोल्हापूरचा किंवा कोकणचा मुलगा तिला नदी म्हणायला तयार होणार नाही. पुणे जिल्ह्यातली कऱ्हा. मेकॅनिकल आणि आयटीवाल्यांनी पान उलटू नये. कम्प्युटरवर नीट टाइप होत नसलेल्या एका अक्षराची भानगडही याच नावात आहे.

आधी जागा समजून घेऊ. पुण्याहून हडपसरमार्गे सासवडला निघालं की दिवे घाट लागतो. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या घाटाने वर चढते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ज्याचा फोटो हमखास येतो, तोच हा. कोंढव्याकडून आलात तर बोपदेव घाट. दोन्ही घाट एकाच डोंगररांगेवर चढतात. तिला भुलेश्वर रांग म्हणतात. ही रांग म्हणजे पाणलोटाची भिंत आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी मुळा-मुठेकडे जातं, दक्षिणेच्या उतारावरचं कऱ्हेकडे. कऱ्हेच्या दक्षिणेला पुरंदर किल्ल्याची रांग. तिच्या पलीकडचं पाणी नीरेचं, अलीकडचं पुन्हा कऱ्हेचं. या दोन रांगांमधलं लांबट खोरं म्हणजे कऱ्हेचं घर.

दिवे घाटाच्या माथ्यावर उभं राहून एक खेळ मनातल्या मनात खेळता येतो. पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडले, एक पुण्याच्या बाजूला, एक सासवडच्या बाजूला. पुण्याकडचा थेंब मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसपाशी भीमेत जाईल, तिथून उजनीच्या जलाशयात, आणि धरणाने सोडलं तर पुढे. सासवडकडचा थेंब कऱ्हेतून बारामती तालुक्यात सोनगावला नीरेत आणि नीरेतून नीरा-नरसिंगपूरला भीमेत. नरसिंगपूर उजनीच्या खाली आहे, म्हणजे या थेंबाने उजनी चुकवली! दोघांची गाठ पडते ती नरसिंगपूरला. फूटभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांना एवढा वळसा. जलविभाजक या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांसमोर आणलं तर जन्मभर विसरायला होत नाही.

कऱ्हेचा उगम गराडे गावाच्या परिसरातल्या डोंगरात. तिथून ती पूर्वेकडे सासवडला येते, जेजुरीजवळून जाते, पांडेश्वर, मोरगाव करत बारामतीला पोचते. वाटेत वर गराड्याचं धरण आणि जेजुरीजवळ नाझऱ्याचं, म्हणजे मल्हारसागर. पाण्याच्या मानाने तिच्या काठची गावं पाहिली तर थक्क व्हायला होतं. सासवडला सोपानदेवांची समाधी. जेजुरीचा खंडोबा सोमवती अमावास्येला पालखीतून याच नदीवर आंघोळीला येतो. मोरगावचा मोरेश्वर तिच्या काठी. बारामतीत मोरोपंत राहिले. आचार्य अत्रे सासवडजवळच्या कोडीतचे, १८९८ चा जन्म. त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं. गंगा-गोदावरीच्या नावाने पुस्तक लिहिणं सोपं आहे. उन्हाळ्यात जिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात अशा नदीचं पाणी आत्मचरित्राच्या मथळ्यावर ठेवायला अत्रेच हवेत.

आता मथळ्यातला प्रश्न. हिला नदी का म्हणायचं?

आपल्याकडे वाहत्या पाण्याला शब्दांचा तुटवडा नाही. देशावर ओहोळ आणि ओढा, विदर्भात सरसकट नाला, रत्नागिरीकडे पऱ्ह्या, सिंधुदुर्गात आणि गोव्यात व्हाळ. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात जी आटते ती ओघळ. मेळघाटात गेलात तर कोरकू लोकांच्या नावांशी गाठ पडते. तिथल्या सिपना नदीचं नाव सागाच्या झाडावरून आलेलं आहे, कोरकूत साग म्हणजे सिपना. या शब्दांत मोजमाप दडलेलं असतं. ओघळ लांब ढांगेने ओलांडता येते, ओढ्याला दगड टाकावे लागतात, नदीला पूल नाहीतर धीर लागतो. पाण्याची व्याख्या माणसाच्या पायांवरून केलेली आहे.

भूगोलवाल्यांनी हेच काम आकड्यांत केलं. हॉर्टन या अमेरिकन अभियंत्याने १९४५ मध्ये प्रवाहांच्या श्रेणींची पद्धत मांडली, पुढे १९५० च्या दशकात स्ट्रॅहलर यांनी ती सोपी केली. जिला वरून कुणी येऊन मिळत नाही ती पहिल्या श्रेणीची. पहिल्या श्रेणीच्या दोन एकत्र आल्या की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीच्या दोन आल्या की तिसरी. पहिल्या श्रेणीची एखादी येऊन दुसरीला मिळाली तर श्रेणी बदलत नाही. (हा प्रश्न पेपरला येतो, आणि नेमकी ही शेवटची अटच सगळे विसरतात.) या पद्धतीची गंमत अशी की झाडाच्या फांद्यांसारखं चित्र तयार होतं आणि त्या चित्रात सगळ्यात जास्त संख्या पहिल्या श्रेणीच्या बारीक फांद्यांची असते. पाणी गोळा करण्याचं खरं काम त्या करतात. आणि नाव नसतं तेही त्यांनाच.

सर्व्हे ऑफ इंडियाची एकाला पन्नास हजार प्रमाणाची टोपोशीट आपल्या सर्व्हेइंग लॅबमध्ये भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यातली एखादी काढून टेबलावर पसरा. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यावर पाणी असलेले प्रवाह निळ्या रंगात आणि कोरडी पात्रं काळ्या रंगात दाखवायची पद्धत आहे. आपल्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांची शीट पाहिली तर काळ्या रेघांचं जाळंच दिसतं. नाव फक्त मोठ्या प्रवाहांवर लिहिलेलं. बाकीच्या शेकडो काळ्या रेघा बिननावाच्या, तिथे आपण ‘नाला’ लिहून मोकळे होतो. गावात मात्र त्यांना नावं असतात, आणि ती कशी पडतात हे पाहण्यासारखं आहे.

सासवडला कऱ्हेला दुसरी एक लहान नदी येऊन मिळते. त्या संगमावर संगमेश्वराचं जुनं, दगडी, देखणं मंदिर आहे. ही दुसरी नदी चांबळी. चांबळी गावाकडून येते म्हणून चांबळी, इतकं सरळ नाव. ओढ्याला नाव ठेवायची ही गावची सगळ्यात चालू रीत आहे: पाणी ज्या गावाकडून आलं त्या गावाचं नाव त्याला. नाव ठेवणारा माणूस नेहमी खालच्या अंगाला उभा असतो, हे लक्षात घ्या. वरच्या गावात तोच ओढा दुसऱ्या नावाने ओळखला जातो, कारण तिथला माणूस त्याच्याही वरच्या अंगाला बघत असतो. एकाच ओढ्याला चार नावं निघाली तर गाववाले चुकत नसतात, प्रत्येकजण आपापल्या जागेवरून उगमाकडे बोट दाखवत असतो. हे नाव म्हणजे पत्ताच.

याच चांबळीला पोथीतलं दुसरं नावही आहे, भोगावती. नाव भारदस्त आहे, पुराणात पाताळातल्या गंगेला भोगावती म्हणतात. पण ते पत्ता सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीचं धरण ज्या नदीवर आहे तीही भोगावती. सोलापूर-धाराशिवकडे सीनेला मिळते तीही भोगावती. ‘भोगावतीला पूर आला’ एवढंच ऐकलं तर मदत कुठल्या जिल्ह्यात पाठवायची? ‘चांबळीला पूर आला’ म्हटलं की सासवडचा माणूस खिडकीतून कुठल्या बाजूला पाहायचं ते जाणतो. संस्कृत नावांबद्दल माझी तक्रार नाही, ती देण्यामागे आपल्या गावच्या पाण्याला थोर नद्यांच्या पंगतीला बसवण्याची हौस असते आणि ती हौस गोड आहे. पुष्कळ ठिकाणी तर ‘गंगा’ हा शब्दच नदी या सामान्य अर्थाने वापरलेला दिसतो: पैनगंगा, वैनगंगा, पंचगंगा, शिवगंगा, माणगंगा. फक्त थोर नाव लावताना साधं नाव पुसून टाकू नये, एवढंच.

कऱ्हेच्या नावाकडे येऊ. या खोऱ्यात एक गोष्ट सांगतात, तपशील गावागणिक थोडे बदलतात. पांडवांनी पांडेश्वरला यज्ञ मांडला. सगळी तयारी झाली पण पाणी नाही. वरच्या डोंगरात ब्रह्मदेव तपाला बसले होते आणि शेजारी त्यांचा कमंडलू भरलेला होता. पांडवांनी तो कलंडवला. पाणी उताराला लागलं आणि पांडव पुढे, पाणी मागे, आणि त्यामागे रागावलेले ब्रह्मदेव अशी धावाधाव सुरू झाली. ब्रह्मदेवांना अडवायचं कसं? पांडवांनी वाटेत अक्षता टाकल्या, जिथे अक्षता पडल्या तिथे शिवलिंग उभं राहिलं, आणि पूजा केल्याशिवाय पुढे जाता येईना म्हणून ब्रह्मदेव प्रत्येक ठिकाणी थांबत गेले. कऱ्हेकाठी महादेवाची देवळं का, याचं उत्तर या गोष्टीत आहे.

कमंडलूला संस्कृतात करक असाही शब्द आहे. त्यापासून आपला ‘करा’. लग्नात तोटीचं जे लहान मडकं लागतं ते करा, आणि तो हातात धरणारी ती करवली. उत्तरेकडे करवा चौथचा करवा तोच. कऱ्हा म्हणजे कऱ्यातून सांडलेली, असा अर्थ लावतात. आता ‘करा’चा ‘कऱ्हा’ होताना मध्ये ‘ह’ कुठून आला याचं उत्तर गोष्टीत नाही, आणि मला वाटतं की नाव आधीचं असावं, गोष्ट त्याला मागून जुळवलेली. पण ज्याने जुळवली त्याने नदी नीट पाहिली होती. एरवी भांडं रिकामं. कलंडलं की सगळं पाणी एकदम, माणसाला धावायला लावेल अशा वेगाने. हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात ज्याला झपाट्याने चढणारा आणि झपाट्याने उतरणारा हायड्रोग्राफ म्हणतात तो या गोष्टीत जसाच्या तसा आहे.

या वागण्याचं कारण खडकात आहे. सगळं खोरं काळ्या बसाल्टवर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेलं आहे. भेगा असतील तिथे पाणी मुरतं, घट्ट थरावर मुरत नाही. डोंगरावर माती पातळ. पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे घटत जातो, बारामतीच्या बाजूला तो वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. आणि तो जून-जुलैमध्ये शिस्तीत पडत नाही, बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये परतीच्या पावसाच्या दोन-चार रात्रींत वर्षाचा हिशेब पुरा होतो.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने दुष्काळी तालुक्यांची यादी जाहीर केली, त्यात पुरंदर आणि बारामती दोन्ही होते. म्हणजे कऱ्हेचं जवळपास सगळं खोरं. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, पुण्याच्या दक्षिणेच्या डोंगरांवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. कात्रजकडून उतरणारा आंबिल ओढा पुणे शहरात घुसला ती हीच रात्र. त्या पुरात शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं गेली. डोंगराच्या अलीकडे कऱ्हेलाही पूर आला, नाझरे धरणातून प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना रातोरात हलवावं लागलं. अकरा महिन्यांच्या अंतराने तोच तालुका दुष्काळात आणि तोच तालुका पुरात. करा रिकामा आणि करा कलंडलेला.

आता थोडं गणित करू, कारण आपण शेवटी इंजिनिअरिंगची मुलं. कऱ्हेला मिळणारा एक ओढा धरा, पाणलोट १० चौरस किलोमीटर. त्यावर तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला. एकूण पाणी १० लाख घनमीटर. त्यातलं ६० टक्के वाहून आलं असं मानलं तर ६ लाख घनमीटर. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. सरासरी विसर्ग आला सुमारे ५५ क्युमेक, क्युसेकमध्ये जवळजवळ दोन हजार. ही सरासरी झाली, शिखर याच्या बरंच वर असणार.

हाच ओढा सूत्रांत घालून पाहा. डिकन्सच्या सूत्रात मध्य भारतासाठी गुणांक १४ ते २८ घेतात. उत्तर ७९ ते १५७ क्युमेक येतं. इंग्लिसचं सूत्र, १२४ गुणिले क्षेत्रफळ, भागिले (क्षेत्रफळ अधिक १०.४) चं वर्गमूळ, सुमारे २७४ क्युमेक देतं. क्लॉड इंग्लिस हे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक होते आणि त्यांचं सूत्र मुंबई इलाख्यातल्या घाटाकडच्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी आहे, त्यामुळे कोरड्या पूर्व भागात ते जास्त आकडा देतं. ठीक आहे. सगळ्यात लहान आकडा धरू, ५५.

आणि अशा ओढ्यावर रस्ता नेताना खेडोपाडी काय टाकलेलं दिसतं? ९०० मिलिमीटर व्यासाचे तीन ह्यूम पाइप. एका पाइपचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर. पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने पळालं तरी एका पाइपमधून १.९ क्युमेक, तिन्हींतून ५.७. येणार ५५, जाणार पावणेसहा! उरलेलं कुठे जाईल ते सांगायला सूत्र लागत नाही. रस्त्यावरून, शेतातून, शेजारच्या घरातून.

डिझाइन करणाऱ्याला गणित येत नव्हतं म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. तो साइटवर गेला तेव्हा मार्च महिना होता. समोर कोरडी घळ होती, तिच्यात बाभळी उगवलेल्या आणि कुणीतरी राडारोडा टाकलेला. कागदावर तिचं नाव ‘नाला’. नाला म्हटलं की डोक्यात सांडपाण्याचं गटार येतं, आणि गटाराला पाइप पुरतो. मुंबईच्या मिठी नदीचं हेच झालं. वर्षानुवर्षं लोक तिला नाला समजत होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराला आठवलं की ही विहार-पवईकडून येणारी नदी आहे.

कोरड्या प्रवाहाच्या बाबतीत नावाला जास्तच वजन येतं. बारमाही नदी स्वतः दिसते, तिला नाव नसलं तरी तिच्यात कुणी प्लॉट पाडणार नाही. (पाडतात, पण निदान रात्री पाडतात.) आठ महिने कोरड्या असलेल्या ओढ्याचं अस्तित्व मात्र लोकांच्या तोंडातल्या नावावर टिकून असतं. कऱ्हेचं खोरं आता शेतीपुरतं राहिलेलं नाही. सासवड वाढलं आहे, घाटाच्या वर प्लॉटिंगच्या पाट्या आहेत, आणि पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी या सात गावांची जमीन ठरवलेली आहे. विमानतळाला सपाट जमीन लागते आणि सपाट करताना पहिला नंबर पहिल्या श्रेणीच्या ओघळींचा लागतो. त्या कुठे वळवायच्या, किती रुंदीच्या चरातून न्यायच्या, हे ठरवणारं ड्रॉइंग कुणीतरी काढणार. तो कुणीतरी आज कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या हॉस्टेलवर सबमिशनची फाइल कॉपी करत बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे!

मघाशी कबूल केलेली अक्षराची भानगड. ‘कऱ्हा’ यातला अर्धा र जरा वेगळा आहे. ‘र’ला हलन्त देऊन पुढे ‘ह’ टाइप केला तर रफार डोक्यावर जातो आणि ‘कर्हा’ असं काहीतरी होतं, ज्याचा उच्चार वेगळा. खरा ‘ऱ्ह’ हवा असेल तर युनिकोडमधला खाली टिंब असलेला ‘ऱ’ वेगळा घ्यावा लागतो. हा फरक क्षुल्लक नाही: दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र. आमच्या मेसचे आचारी घ्या. ‘आचाऱ्यांना नमस्कार’ आणि ‘आचार्यांना नमस्कार’ यांत नमस्कार कुणाला पोचणार ते टिंबावर ठरतं. इंग्रजी पाटीवर तर आणखी मजा, के-ए-आर-एच-ए वाचून परगावचा माणूस ‘करहा’ म्हणतो. शोधयंत्रात तीन तऱ्हेने लिहिलेलं नाव तीन वेगळ्या नद्या समजलं जातं. कोकणातला पऱ्ह्याही याच अक्षराचा बळी. आयटीवाल्यांना प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घ्या, फुकट.

कऱ्हेच्या काठी एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे पांडवही कालचे वाटतात. मोरगावजवळ नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. अशीच राख जुन्नरकडे कुकडी नदीच्या काठी बोरी इथेही मिळाली. आपल्या दख्खनच्या लाव्हाशी तिचा संबंध नाही. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, समुद्र ओलांडून वाऱ्याने आणलेली. टोबाचे मोठे स्फोट एकाहून अधिक झाले. ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की आठ लाख वर्षांच्या आसपासच्या जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचा वाद बराच काळ चालला आहे. त्याच गाळात दगडाच्या कुऱ्हाडींसारखी आदिमानवाची हत्यारंही मिळाली आहेत, त्यामुळे राखेचं वय ठरलं की हत्यारांचा काळ ठरायला मदत होते. म्हणजे कऱ्हेच्या काठी माणसाची वस्ती तिला कुणी नाव देण्याच्या कितीतरी आधीची. ती माणसं तिला काहीतरी म्हणत असतीलच, पाणी प्यायला रोज जिथे जायचं त्या जागेला नाव दिल्याशिवाय चालत नाही.

आजचं पाणी आणखी एका वाटेने येतं. पुरंदर उपसा सिंचन योजनेत मुळा-मुठेचं पाणी पंपांनी उचलून भुलेश्वर रांगेच्या या बाजूला आणलं जातं. सुरुवातीचे दोन थेंब आठवा. निसर्गाने पुण्याकडे ढकललेला थेंब विजेच्या जोरावर कऱ्हेच्या खोऱ्यात येतो. ते पाणी पुण्यातून खाली आलेलं, त्यामुळे त्याच्या शुद्धतेबद्दल शेतकरी कुरकुरतात, आणि तरीही ते आलं की अंजिराच्या आणि डाळिंबाच्या बागा जगतात. पाइपातून येतं म्हणून त्याला कुणी नदीचं नाव देत नाही. ‘योजनेचं पाणी’ म्हणतात.

ज्यांना आपल्या गावच्या ओढ्याचं नाव शोधायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. टोपोशीटवर नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळतो. त्यावर गट नंबरांच्या मधून जाणारा ओढा बांधासकट काढलेला असतो. जुनी खरेदीखतं बघा: चतुःसीमेत ‘पूर्वेस ओढा’ असं लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा कारकून हौशी असेल तर ओढ्याचं नावही. आज तिथे ओढा नसला आणि कागदावर असला, तर तो बुजवला गेला आहे एवढं नक्की. शेतांच्या नावांतही तो लपलेला असतो, ओढ्याकडची पट्टी, संगमाचा मळा, अशी. सगळ्यात पक्की माहिती मेंढपाळांकडे, त्यांना उन्हाळ्यात डबकं कुठे उरतं ते माहीत असतं. त्यांच्या खालोखाल आजी, ज्यांनी तिथे धुणं धुतलं. सरपंचांना शेवटी विचारा.

नाव मिळालं की ड्रॉइंगवर ‘नाला’ खोडून ते लिहा, खाली कंसात पाणलोटाचं क्षेत्रफळ आणि पुराची खूण कुठवर आहे तेही. ही खूण कोरड्या मार्चमध्येही दिसते: काठच्या बाभळीच्या फांदीत अडकलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या. जमिनीपासून ते गवत किती उंचीवर आहे ते टेपने मोजायचं आणि मग पाइपचा व्यास ठरवायला बसायचं.